परसातले जुने ट्रॅक्टर आणि त्यांना जपणारी माणसे

ट्रॅक्टर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो शेतातला, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत साखर कारखान्याच्या रांगेत थांबलेला. अमेरिकेत मात्र ट्रॅक्टरची आणखी एक धाकटी जात आहे. उंचीला माणसाच्या कमरेएवढा, ताकदीला सात ते सोळा अश्वशक्तीचा, आणि मुक्काम शेतात नव्हे तर घराच्या परसात. त्याला तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. उन्हाळ्यात तो गवत कापतो, वसंतात भाजीचा वाफा नांगरतो आणि हिवाळ्यात दारातला बर्फ लोटतो.

वाचकहो, या छोट्या यंत्राविषयी कुटुंबाच्या पानावर लिहायचे कारण असे, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे हे ट्रॅक्टर शोधून, खोलून, दुरुस्त करून पुन्हा चालू करणाऱ्या लोकांचा एक मोठा गोतावळा तिकडे तयार झाला आहे. त्यात निवृत्त फिटर आहेत, ट्रक चालवणारे आहेत, शेतकरी आहेत, आजोबांबरोबर गॅरेजात बसणारी शाळकरी मुले आहेत. जुन्या मोटारी गोळा करण्याचा छंद पैसेवाल्यांचा. हा तसा नाही. हा ट्रॅक्टर घराच्या गॅरेजात एका कोपऱ्यात मावतो, छोट्या टेम्पोत चढतो, आणि पावसात गंजत पडलेला असेल तर मालक कधीकधी फुकटही देऊन टाकतो. ज्याच्याकडे पाने आहेत, वेळ आहे आणि हाताला काळे लागायची लाज नाही, त्याला हा छंद परवडतो.

हिरवळीचा हिशेब

या यंत्राचा जन्म नीट समजून घ्यायचा तर आधी जमिनीचा हिशेब पाहावा लागतो. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले. लढून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या एका कायद्याने घरासाठी कर्जाची हमी मिळाली होती. शहरांच्या बाहेर नव्या वसाहती उठल्या. घराभोवती अर्धा एकर, एक एकर, कुठे दोन एकर जागा. एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे. एवढे गवत हाताने ढकलायच्या यंत्राने कापायचे तर सुट्टीचा सगळा दिवस गेला. आणि शेतातला मोठा ट्रॅक्टर आणावा तर तो फुलझाडांसकट कुंपण उचलून नेणार. या दोहोंच्या मधली जी फट होती, ती गार्डन ट्रॅक्टरने भरली.

ही हिरवळ सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. लेव्हिटटाउन नावाच्या प्रसिद्ध वसाहतींत काळ्या कुटुंबांना घरे विकायची नाहीत असा बिल्डरचा नियमच होता, आणि सरकारी गृहकर्ज विम्याचे खाते काळ्या वस्त्यांना वाळीत टाकत असे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे दांपत्य पेनसिल्व्हानियातल्या लेव्हिटटाउनमध्ये राहायला गेले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगड पडले. तिथली आवारे तशी लहान होती, ट्रॅक्टर लागावा एवढी नव्हती. पण शहराबाहेरची मोकळी जागा कोणाला मिळाली आणि कोणाला मिळू दिली नाही, याची ही खूण आहे. जुन्या जाहिरातींत ट्रॅक्टरवर बसलेली माणसे गोरीच का दिसतात, याचे उत्तरही त्यातच आले.

छायाचित्रकाराचा नांगर, गॅरेजातला कारखाना

या यंत्राचा एक पूर्वज फार जुना आहे. बेंजामिन ग्रेव्हली नावाचे गृहस्थ वेस्ट व्हर्जिनिया राज्यात राहत. धंद्याने छायाचित्रकार. त्यांना बागकामाची हौस, पण हातनांगर ढकलून ढकलून जीव मेटाकुटीला येई. त्यांनी ‘इंडियन’ या मोटारसायकलीचे भाग घेऊन ढकलायच्या नांगराला जोडले. (नाव इंडियन असले तरी ती मोटारसायकल अस्सल अमेरिकन, आपला तिच्याशी संबंध नाही.) १९१६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९२२ मध्ये डनबार गावी कंपनी उभी राहिली. त्यांचे मागे चालत चालवायचे दुचाकी यंत्र पुढे कित्येक दशके विकले गेले. आपल्याकडे कोकणात भाताच्या खाचरात पॉवर टिलर चालतो, त्याच्याच नात्यातले हे यंत्र.

दुसरी कथा एल्मर पाँड यांची. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या औद्योगिक गावात १९४६ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या गॅरेजात छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. मुलगा सेसिल याने धंदा वाढवला. ट्रॅक्टरचे नाव ठेवले ‘व्हील हॉर्स’. अनेक घोड्यांच्या गाडीत चाकाच्या सर्वांत जवळ जुंपलेला, ज्याच्यावर ओढण्याचा मुख्य भार असतो, तो घोडा म्हणजे व्हील हॉर्स. लाल रंगाचे हे ट्रॅक्टर घरोघर पोहोचले. १९७४ मध्ये कंपनी अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरो कंपनीने घेतली आणि २००७ नंतर ते नावच ट्रॅक्टरवरून उतरले.

त्याच साउथ बेंडमध्ये स्टुडबेकर मोटारींचा जुना कारखाना होता. तो १९६३ च्या डिसेंबरात बंद पडला. हजारो कामगारांना ठरलेल्या निवृत्तिवेतनाचा फारच थोडा भाग हाती आला, आणि त्यावरून उठलेल्या ओरडीतून पुढे १९७४ मध्ये कामगारांच्या निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा कायदा झाला. हे विषयांतर मी मुद्दाम केले. प्रॉव्हिडंट फंडाच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या आपल्या वाचकांना ते परके वाटणार नाही.

विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी पोर्ट वॉशिंग्टन नावाचे छोटे गाव आहे. सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या याच गावात छोटे ट्रॅक्टर बनवत. सिम्प्लिसिटी १९६५ मध्ये ॲलिस-चाल्मर्स या मोठ्या कंपनीने विकत घेतली. जेवणाच्या डब्यांच्या दोन रांगा, एक या गेटातून आत, दुसरी त्या गेटातून, असे ते गाव असणार!

मोठ्या कंपन्या उशिरा जाग्या झाल्या. शेतीच्या यंत्रांत दबदबा असलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणला. पिवळा-पांढरा रंग, सात अश्वशक्तीचे कोहलर इंजिन, आणि गिअरबॉक्स ‘फार्मॉल कब’ या शेतातल्या ट्रॅक्टरवर बेतलेली. म्हणजे परसातल्या कामाला शेतातल्या हाडांचे यंत्र. १९६३ पर्यंत या पहिल्या मॉडेलचे सुमारे ६५,००० नग बाहेर पडले. त्याच १९६३ मध्ये जॉन डिअरने आपला हिरवा ‘११०’ आणला. १९६९ ते १९७१ या काळात डिअरने एक गंमत केली. अंग पांढरे आणि बॉनेट व सीट मात्र गिऱ्हाईक मागेल त्या रंगाचे: पिवळे, लाल, नारिंगी किंवा निळे. घरच्या बाईंनाही रंग आवडावा असा त्यामागे विचार. गिऱ्हाइकांना मात्र हिरवाच हवा होता. न खपलेले रंगीत ट्रॅक्टर दुकानदारांनी हिरवे रंगवून विकले असे संग्राहक सांगतात. आज तेच रंगीत ‘पॅटिओ’ ट्रॅक्टर मिळावेत म्हणून लोक वणवण करतात, आणि हिरवा रंग खरवडताना खाली निळा लागला तर लॉटरी लागल्यासारखे होते.

जाम झालेले इंजिन

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. आपल्या वाचकांत गॅरेजात, वर्कशॉपात, एस.टी.च्या डेपोत राबणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे वाचताना घरचेच वाटेल.

या ट्रॅक्टरांत फार चालणारे इंजिन म्हणजे कोहलर कंपनीचे ‘के’ मालिकेतले. ही कंपनी १८७३ पासूनची. हीच ती नळ आणि बाथटब बनवणारी कोहलर. इंजिन बिडाचे, एका सिलिंडरचे, जड आणि चिवट. नावातच त्याचे माप असते. के-१६१ म्हणजे साधारण १६ घन इंच आणि सिलिंडर एक. के-२४१ म्हणजे साधारण २४ घन इंच, सिलिंडर एक. आकडे थोडे मागेपुढे होतात, पण पाटी वाचता आली की इंजिन ओळखता येते.

वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या इंजिनात पाणी शिरते, पिस्टन सिलिंडरला गंजाने चिकटतो आणि इंजिन जाम होते. नवखा माणूस लगेच मोठा हातोडा घेतो. जाणते तसे करत नाहीत. प्लग काढून आत पातळ तेल सोडायचे आणि थांबायचे. कोणी डिझेल वापरतो, कोणी ॲसिटोन आणि गिअरचे पातळ तेल निम्मे-निम्मे. आठवडा, दोन आठवडे, कधी महिना. मग हेड काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायचे, आणि फ्लायव्हील हाताने थोडे पुढे, थोडे मागे करायचे. जेव्हा ते केसाएवढे हलते, तेव्हा गॅरेजातली माणसे ओरडतात. जाम इंजिन सोडवताना घाई केलेल्यांचे तुटलेले पिस्टन जत्रेच्या टेबलांवर पेपरवेट म्हणून पडलेले असतात.

पुढे नेहमीचे काम. सिलिंडर घासून किंवा बोअर करून नवी रिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, कार्बोरेटर उघडून त्याची बारीक भोके साफ करणे. जुन्या इंजिनात ठिणगीसाठी कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर असतात, आपल्या जुन्या स्कूटरसारखे. पॉइंटमधली फट वीस थाऊ, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरएवढी. फिलर गेज घालून ती बरोबर केली की निम्मी इंजिने तिथेच बोलू लागतात.

जुन्या कब कॅडेटमध्ये एक वस्तू मला फार आवडते. स्टार्टर आणि डायनॅमो हे दोन वेगळे नसून एकच. पट्ट्याने इंजिनाला जोडलेली एकच मोटर. किल्ली फिरवली की ती बॅटरीवर फिरून इंजिन चालू करते, आणि इंजिन चालू झाले की तेच तिला फिरवते व ती बॅटरी भरते. घरात जो कमावतो त्यालाच स्वयंपाकही करायला लावावा, तसा प्रकार. पण साधा आहे, उघडता येतो, कार्बन ब्रश बदलता येतात.

गंज काढण्याची त्यांची एक घरगुती रीत आपल्याकडेही करता येण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण तार गंजलेल्या वस्तूला आणि धन तार दुसऱ्या एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडायची, दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून येतो आणि चांगले लोखंड शाबूत राहते. मात्र यात हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर करायचे, विडी-काडी दूर ठेवायची, आणि तार काढण्याआधी चार्जर बंद करायचा. धन टोकाला लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात.

आणि आता रंगकाम. इथे जरा थांबतो, कारण हा मजकूर वाचणाऱ्या घरांतली कितीतरी मुले गॅरेजात रंग मारायला जातात. लांबी भरणे, पॉलिश पेपर मारणे, प्रायमर, मग रंग, हा क्रम तिथेही तोच. चकचकीत टिकाऊ रंगात जे हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. फवारा मारताना ते श्वासातून आत गेले तर दमा लागतो, आणि एकदा शरीराला त्याचे वावडे झाले की पुढे थोड्याशा वासानेही छाती आवळते. तोंडाला बांधलेला रुमाल ते अजिबात अडवत नाही. कापडी मास्कही नाही. तिकडचे जाणते छंदिष्ट बाहेरून ताजी हवा आणणारा मुखवटा घालतात, किंवा हार्डनरचा रंग टाळून साधे इनॅमल मारतात. जुन्या क्लचच्या व ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. छंद म्हणून वर्षात एक ट्रॅक्टर रंगवणारा माणूस एवढी काळजी घेतो. आपला मुलगा रोज चार दरवाजे रंगवतो. त्याच्या मालकाला मास्कबद्दल विचारायला काहीच हरकत नाही.

रंगवावा की नाही

या मंडळींत एक जुना वाद आहे. एक गट म्हणतो, ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तसा झाला पाहिजे. बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्या काळचीच हवी. दुसरा म्हणतो, कारखान्याने दिलेला रंग उडाला असेल तर उडू द्या, यंत्र चालते करा आणि अंगावरचे वार तसेच ठेवा. पत्र्यावर जिथे मालकाचा गुडघा घासून घासून रंग गेला, ती जागा रंगवून टाकली की त्या माणसाचा पत्ता पुसला, असे या दुसऱ्या गटाचे म्हणणे. मला विचाराल तर मी दुसऱ्या गटात बसेन. पण नव्या रंगातला लाल व्हील हॉर्स उन्हात उभा असतो तेव्हा कोणाचाही निश्चय डळमळेल.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून जमाखर्च पाहिल्याशिवाय राहवत नाही. यंत्रावर दरसाल १५ टक्के घसारा, घटत्या मूल्याच्या पद्धतीने, हा आपल्याकडचा आयकराचा नेहमीचा दर. या पद्धतीत किंमत कमी कमी होत जाते, शून्य मात्र कधीच होत नाही. एक लाख रुपयांचे यंत्र साठ वर्षे घसरत गेले की वहीत त्याची किंमत उरते जेमतेम सहा रुपये. या सहा रुपयांच्या यंत्राला नवे टायर, सीटचे कापड, बॅटरी, रंग, नावाच्या चिकटपट्ट्या, लेथवरचे काम. खर्चाची बेरीज बहुधा विक्रीच्या किमतीच्या वर जाते, आणि त्यात स्वतःच्या कष्टाचे तास धरलेले नसतात. बहुतेकजण दोन-तीन मोडके ट्रॅक्टर घेऊन त्यांतून एक उभा करतात आणि उरलेले भाग इतरांना विकतात किंवा देऊन टाकतात. धंदा म्हणून हे आतबट्ट्याचेच. कोणी धंदा म्हणून करतही नाही.

ज्या कंपन्या बंद झाल्या त्यांचे सुटे भाग कोण बनवणार? ते काम छंदिष्टांनीच वाटून घेतले आहे. कोणी जुन्या चिकटपट्ट्या हुबेहूब छापतो, कोणी स्टिअरिंगची चाके पुन्हा ओततो, कोणी लेथवर बुश काढून देतो, कोणी जुनी माहितीपुस्तके जमवून त्यांच्या प्रती वाटतो. यात अडचण अशी, की कारखान्यात प्रत्यक्ष काम केलेली पिढी संपत आली आहे. अमुक वर्षी तमुक बोल्ट का बदलला, हे कागदावर नसते, ते ज्याने बसवला त्याच्या डोक्यात असते. म्हणून मेळाव्यांत एखादा जुना कामगार आला की त्याच्याभोवती कोंडाळे होते.

मेळावे

व्हील हॉर्सवाल्यांचा मोठा मेळावा पेनसिल्व्हानियात, गेटिसबर्गजवळच्या ॲरेंट्सव्हिलच्या मैदानावर जूनमध्ये भरतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे चाहते ‘रेड पॉवर राउंडअप’ नावाने दरवर्षी वेगळ्या ठिकाणी जमतात. आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंटला १९५० पासून जुन्या मळणीयंत्रांची आणि वाफेच्या इंजिनांची जत्राच भरते, तिथेही ही लहान मंडळी हजेरी लावतात. तंबू, खाण्याचे गाडे, ट्रॅक्टरवर बसलेली नातवंडे, आणि एका बाजूला जुन्या सुट्या भागांचा बाजार. आपल्याकडच्या जुन्या बाजारात सकाळी सकाळी पाने-पक्कड धुंडाळणाऱ्यांनी ती गर्दी डोळ्यांपुढे आणावी.

ओढण्याची शर्यतही असते. विदर्भातल्या शंकरपटाएवढाच आरडाओरडा, पण इथे वेग पाहत नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे एक गाडा असतो, त्यावरची वजनाची पेटी ट्रॅक्टर पुढे जाईल तशी पुढे सरकत येते आणि ओढणे अवघड होत जाते. पुढची चाके उचलतात, मागची माती उकरतात, आणि जिथे दम संपला तिथपर्यंतचे अंतर मोजतात.

आल्विन स्ट्रेट यांचा प्रवास

या यंत्रांच्या जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र मेळाव्यातली नाही. आयोवातल्या लॉरेन्स गावी आल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे गृहस्थ राहत. १९९४ च्या उन्हाळ्यात त्यांचा थोरला भाऊ हेन्री अर्धांगवायूने आजारी असल्याचे कळले. भाऊ विस्कॉन्सिनमध्ये, २४० मैलांवर. आल्विन यांची दृष्टी अधू, गुडघे गेलेले, मोटार चालवायचा परवाना नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून जायचे मनात नाही. त्यांनी १९६६ सालच्या जॉन डिअरच्या गवत कापायच्या यंत्रामागे छोटी गाडी जोडली, तीत अंथरूण, पेट्रोल, खाणे भरले, आणि जुलैच्या सुरुवातीला निघाले. वेग ताशी आठ किलोमीटर. म्हणजे आपली सायकलसुद्धा त्यांना मागे टाकेल.

चार-पाच दिवसांत इंजिन बिघडले. वेस्ट बेंड गावी थांबून पॉइंट, कंडेन्सर, प्लग, जनरेटर, स्टार्टर बदलावे लागले. मघाशी वीस थाऊची फट सांगितली ती याच कामातली. पुढे चार्ल्स सिटीजवळ पैसे संपले. ते तिथेच मुक्काम करून राहिले, ऑगस्टचा पेन्शनचा चेक येईपर्यंत. चेक आला, पुन्हा निघाले. भावाचे घर दोन मैलांवर राहिले असताना यंत्र परत बंद पडले आणि एका शेतकऱ्याने ढकलायला हात दिला. एकूण सहा आठवडे लागले. आल्विन १९९६ मध्ये वारले. त्यांच्या प्रवासावर डेव्हिड लिंच यांनी १९९९ मध्ये ‘द स्ट्रेट स्टोरी’ हा चित्रपट काढला. मारामारी नाही, घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा आहे.

उघडता येणारे यंत्र

या जुन्या ट्रॅक्टरांकडे तरुण मुले का वळतात? एक कारण, ते उघडता येतात. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरात संगणक बसलेला असतो. एक सेन्सर बिघडला तरी यंत्र अडून बसते, आणि ते सोडवायचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत दुकानदाराकडेच. पेरणीच्या दिवसांत शेतकरी हात बांधून उभा. यावरून अमेरिकेत मोठा झगडा चालला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला आपले यंत्र स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने जॉन डिअरवर दुरुस्तीची अडवणूक केल्याबद्दल दावा दाखल केला. त्याच डिअरचा १९६३ चा ‘११०’ मात्र चार पान्यांत खुला होतो.

आपल्या महाराष्ट्राचा या कहाणीशी एक धागा आहे, आणि तो मुंबईतच सापडतो. कब कॅडेट बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कारखाना कांदिवलीला. तिथून निघालेला बी-२७५ हा ट्रॅक्टर खेडोपाडी गेला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली आणि पुढे तोच उद्योग संख्येने जगातला सर्वांत मोठा ट्रॅक्टर उत्पादक ठरला. मूळ अमेरिकन कंपनीने मात्र १९८१ मध्ये कब कॅडेटचा धंदा विकला आणि १९८५ मध्ये शेतीयंत्रांचा विभागही. म्हणजे केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचे आणि कांदिवलीचे कामगार काही वर्षे एकाच घराण्याचे पाने हाताळत होते. कांदिवलीच्या त्या पहिल्या वर्षांत काम केलेले कोणी आपल्या घरात असतील तर त्यांना बसवून विचारावे आणि लिहून ठेवावे. जुना बी-२७५ आपल्याकडे छंद म्हणून कोणी फारसा जपत नाही, कारण तो अजून कामावर आहे. गावचा मिस्त्री त्याला मरू देत नाही.

इंधनाची कटकट दोन्हीकडे सारखीच. तिकडे पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. आपल्याकडे २०२५ पासून वीस टक्के. इथेनॉल ओलावा धरते, जुन्या रबराच्या नळ्या फुगवते, आणि यंत्र काही महिने उभे राहिले की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. जुनी स्कूटर किंवा फवारणीचा पंप असणाऱ्यांनी नळ्या बदलून नव्या प्रकारच्या घालाव्यात आणि यंत्र फार दिवस ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी.

तिकडे छंदिष्ट हेच करतात. नोव्हेंबर लागला की पेट्रोलची तोटी बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतात, तेल बदलतात, बॅटरी काढून घरात आणतात. सगळेच ट्रॅक्टर झोपी जात नाहीत. एक बाहेर ठेवतात. त्याच्या पोटाखालचे गवत कापायचे पाते काढून पुढे बर्फ लोटायचे पाते लावतात, मागच्या चाकांना साखळ्या बांधतात, आणि सकाळी शाळेची बस येण्याआधी दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करतात.